पिकअपची ताडपत्री

सोमवारी हापिसात लोक एकमेकांना विचारतात, विकांताला काय केलं? कोणी राजगड सांगतो, कोणी सिनेमा, कोणी नुसतंच "झोपलो रे" म्हणतो. २०२५ च्या दिवाळीनंतर मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की दोन दिवस ताडपत्री निवडत होतो. समोरच्याने मान हलवली आणि कॉफी मशीनकडे निघून गेला. त्याचं बरोबरच आहे म्हणा. ताडपत्री ही काय निवडायची गोष्ट आहे? दुकानात जायचं, निळी द्या म्हणायचं, संपलं. मीही तसंच समजत होतो.

तर झालं असं की गडचांदूरला आमच्या धाकट्या चुलतभावाने (यापुढे नुसतं 'धाकटा') बोलेरो पिकअप घेतली. सेकंडहँड, ९ फुटी डाल्याची, दीड-पावणेदोन टन वाहणारी. पुण्याकडे ज्याला हौदा म्हणतात त्याला आमच्याकडे डाला म्हणतात, म्हणून इथेही डालाच. गाडी आली, पूजा झाली, लिंबू-मिरची लागली, हप्ता सुरू झाला. डाला मात्र उघडाच. आणि कापसाचा हंगाम दारात.

ज्यांना गडचांदूर माहीत नाही त्यांच्यासाठी: चंद्रपूर जिल्हा, कोरपना तालुका, सिमेंटचं गाव. माणिकगड सिमेंट गावातच (आता २०१९ पासून ते अल्ट्राटेकमध्ये गेलं), आवारपूर जवळ, उप्परवाहीला अंबुजाचा कारखाना, नारंड्याला आणखी एक. जमिनीखाली चुनखडी आणि जमिनीवर काळी माती, म्हणजे कापूस. एका बाजूला जिवतीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, आणि थोडं दक्षिणेला गेलं की तेलंगणा, आदिलाबाद. एका छोट्या मालवाहू गाडीला वर्षभर काम मिळायला एवढं पुरेसं आहे. पण ही कामं एकसारखी नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आपला स्वभाव असा की कोणी काही विकत घेतोय म्हटलं की आधी जालावर शोधायचं. शोधलं. "पिकअप बेड कव्हर" टाकल्यावर जे दिसलं ते बघून मी आणि धाकटा दोघेही अर्धा तास हरवलो. अमेरिकेत या प्रकाराला टोनो कव्हर म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ पिंप. जुन्या मोटारींच्या मागच्या गोलसर भागाला टोनो म्हणायचे, त्यावर घालायचं झाकण ते टोनो कव्हर. त्यात गुंडाळायचं, घडीचं, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, बटण दाबलं की आपोआप सरकणारं, असे प्रकार. टेक्सासमधल्या माझ्या एका मित्राकडे फोर्डची एफ-१५० आहे. त्याच्या डाल्यावर असं कुलूपबंद झाकण आहे आणि त्याखाली (त्याच्याच शब्दांत) "एक शिडी आणि मुलाची सायकल" असते. आपल्याकडेही इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स आल्यापासून हिंजवडीच्या पार्किंगमध्ये अशी एखादी झाकणवाली पिकअप दिसते.

धाकट्याने तीनचार व्हिडिओ शांतपणे पाहिले. मग म्हणाला, "दादा, हे सपाट हाये ना बे सगळं. आपला कापूस तं डाल्याच्या वरते चार फूट जाते. मंग हे झाकन कायले?"

विषय तिथेच संपला. माझ्या तीन वर्षांच्या बिझनेस ॲनालिस्ट लोकांबरोबरच्या मीटिंगांपेक्षा ही रिक्वायरमेंट जास्त स्वच्छ होती. तिकडचं झाकण डाल्याचं असतं. इकडचं झाकण मालाचं असतं. डाला कितीचा आहे हे जवळजवळ गौण, माल किती उंच जातो आणि भिजला तर काय होतं, हा प्रश्न.

आता माल बघा. सिमेंटच्या गोण्या ५० किलोच्या. १७०० किलो म्हणजे ३४ गोण्या. नऊ बाय साडेपाच फुटांच्या डाल्यात त्या साधारण दोन थरांत बसतात, म्हणजे डाल्याच्या कडेच्या आतच. गाडी वजनाने भरली, पण बघणाऱ्याला अर्धी रिकामी वाटेल. कापसाचं उलटं. कडेला बांबू उभे करून, जाळी लावून, माणसं वर चढून तुडवतात तेव्हा कुठे दहाएक क्विंटल मावतो. वजन एकच टन, पण ढीग डाल्याच्या तळापासून सहा फूट. शिवाय मधे मधे भाजीची खेप, कोणाच्या घरचं सामान, लग्नाचा मंडप. एकच गाडी आणि चार वेगवेगळी भूमिती.

कापसासाठी मी कागदावर हिशेब मांडला (एक्सेल उघडलं होतं, पण वीज गेली). ढिगाची रुंदी साडेपाच फूट, दोन्हीकडे डाल्याच्या कडेपर्यंत चार-चार फूट खाली, आणि कडेवर फूटभर तरी लटकायला पाहिजे, नाहीतर ओघळणारं पाणी थेट आत. म्हणजे साडेपंधरा. ढीग वरून गोल असतो, त्यामुळे १५ चालून जातं. लांबी ९, पुढे केबिन आणि मालाच्या मधे चार फूट खोचायला, मागे फाळक्यावरून पाच फूट. १८. तर १५ बाय १८ ची ताडपत्री. दुकानात हा तयार साइज मिळतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: लेबलवर लिहिलेला साइज बऱ्याचदा कापडाचा असतो, कडा दुमडून शिवल्यावर हातात येते ती त्यापेक्षा लहान असते. आणि सुती कॅनव्हास पहिल्या पावसात आणखी आटतो. दुकानदाराने टेप काढायला कुरकुर केली. आम्ही काढायला लावला.

भिजलं तर काय होतं, हा खरा प्रश्न. सिमेंटचं उत्तर सरळ आहे: गोणीचा दगड होतो. कापसाचं उत्तर मला नीट माहीत नव्हतं, ते काकांनी सांगितलं. काका सत्तरीचे, उभी हयात कापसात गेली. हमीभावाने घेणारं कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, कापसात ओल किती हे यंत्राने मोजतं. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्याच्या वर दर टक्क्याला भावातून एक टक्का कपात. १२ च्या वर गेला की घेतच नाहीत, गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. दहा क्विंटलची खेप म्हणजे ८१,१०० रुपयांचा माल. ओल ८ ऐवजी १२ निघाली तर ३,२४४ रुपये गेले. एका खेपेत. आणि १३ निघाली तर व्यापारी म्हणेल तो भाव, कारण तो कापूस परत घरी नेऊन वाळवणार कोण आणि पुन्हा भाडं देणार कोण?

हा कापूस धाकट्याचा नसतो, हे महत्त्वाचं. तो भाड्याने वाहतो. शेतकऱ्याने घरी वाळवलेला, हाताने चोळून बघितलेला कापूस त्याच्या डाल्यात चढतो आणि दोन तासांनी दुसरा कोणीतरी त्यात यंत्राची सुई खुपसतो. मधल्या काळात जे काही होईल त्याला जबाबदार ड्रायव्हर. गावात एकदा "याच्या गाडीत कापूस ओला झाला" हे पसरलं की हंगाम संपला. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतोच.

(२०२५ पासून सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी करावी लागते. त्या दिवाळीत मी आळीतल्या अकरा जणांची नोंदणी करून दिली. ओटीपी येईपर्यंत प्रत्येकाच्या घरी चहा. सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याचा गावाला झालेला पहिला उपयोग!)

तर आता कापड. दुकानात तीन-चार प्रकार असतात आणि दुकानदार जीएसएमची भाषा बोलतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. १५ बाय १८ म्हणजे २७० चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर. गणित सोपं: १२० जीएसएमची ताडपत्री ३ किलो, २०० ची ५ किलो, ५०० जीएसएमचा कॅनव्हास साडेबारा किलो, आणि ट्रकवाले वापरतात ती ६०० ची पीव्हीसी १५ किलो. लोक म्हणतात जाड घ्या, टिकते. टिकते हे खरं, पण ट्रकवर ड्रायव्हरसोबत क्लीनर असतो. पिकअपवर धाकटा एकटा. पाऊस आला की त्याने गाडी बाजूला घ्यायची, सहा फुटी मऊ ढिगावर एकट्याने चढायचं आणि वाऱ्यात १५ किलोचं चामडं उलगडायचं. "मले एकट्यालेच चढा लागते वरते," तो म्हणाला, "तुह्या कंपनीत आहे का असा कोनी?" नाही. आमच्या कंपनीत वर चढायला वेगळी टीम असते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे दिसणारी ती निळी किंवा पिवळी: एचडीपीईच्या पट्ट्या विणून वरून प्लास्टिकचा थर दिलेली. (तिच्यासाठी आयएस ७९०३ नावाचं मानक आहे. आम्ही गेलो त्या दुकानात एकाही गठ्ठ्यावर तो आकडा नव्हता.) पाऊस ती उत्तम अडवते. हलकी असते. तिचा शत्रू ऊन, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो. साध्या मालात उन्हापासून संरक्षणाचं रसायन कमी असतं, मग थर तडकतो आणि आतल्या पट्ट्यांचे धागे सुटायला लागतात. दुसऱ्या वर्षी अशी ताडपत्री झटकली की तिच्यातून निळा भुसा पडतो. अंगणात भुईमूग झाकायला चालेल, आपलं काही बिघडत नाही.

कापसाचं बिघडतं. हे मला काकांनी नाही, एका जिनिंगमधल्या माणसाने समजावलं. कापसात प्लास्टिकचा धागा गेला की तो जिनिंगमध्ये, पिंजताना आणखी बारीक होत जातो आणि सुतात बसतो. कापड रंगवलं की सूत रंग घेतं, प्लास्टिक घेत नाही. शर्टावर पांढरा किंवा निळा ठिपका. तो माल मग दुय्यम. भारतीय कापसाची जगात बदनामी ज्या कचऱ्यामुळे झाली त्यात केस, दोऱ्या, गोण्यांचे धागे हे सगळं येतं. फेब्रुवारी २००० मध्ये सरकारने कापसाचं तंत्रज्ञान मिशन काढलं त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणजे बघा, पावसापासून वाचवायला टाकलेली ताडपत्रीच मालात मिसळते. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. लॉग लिहिणाऱ्या कोडनेच डिस्क भरून सिस्टिम पाडावी, त्यातला प्रकार.

दुसरा पर्याय सिल्पोलिन. हे खरं तर सुप्रीम कंपनीच्या ताडपत्रीचं नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्यांनाच लागलंय. यात विणकाम नाही. प्लास्टिकच्या फिल्मचे थर एकमेकांना आडवे-तिरपे चिकटवलेले असतात, म्हणून फाटायला अवघड आणि धागा सुटायचा प्रश्नच नाही. पाणी शून्य. वजन कमी. मला ती एकदम पसंत पडली. मी तर मनातल्या मनात ऑर्डरच दिली होती.

काका म्हणाले, "रात्रभर उभी रायली तं?"

हंगामात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी पोचलेली गाडी सकाळी आत जाते. नोव्हेंबर-डिसेंबरची रात्र, बाहेर थंडी, आत दिवसभराच्या उन्हात तापलेला कापूस, आणि वर हवाबंद प्लास्टिक. सकाळी ताडपत्री उचलली की खालच्या बाजूला पाण्याचे थेंब. डब्यात गरम पोळ्या ठेवून झाकण लावलं की होतं तेच. पावसाचा एक थेंब न पडता वरचा थर ओला, आणि यंत्राची सुई वरच्या थरातही जाते! सुती कॅनव्हास श्वास घेतो. आतली वाफ थोडी थोडी बाहेर जाते. त्याचे धागे सुटले तरी ते कापसाचेच. कापसावर कापूस पांघरायचा, यात मला उगाचच बरं वाटलं.

पण कॅनव्हासची नाटकं कमी नाहीत हं. त्याला मेणाचं पाणीरोधक दिलेलं असतं, ते नवं असताना बोटाला चिकटतं आणि पांढऱ्या कापसाला डाग लावू शकतं. उपाय: आधी आठ दिवस उन्हात टाकायचा आणि पहिल्या काही खेपांना मधे जुन्या सुती लुगड्यांचा थर द्यायचा. ओला कॅनव्हास आतून जिथे टेकतो तिथून झिरपतो. तंबूत झोपून आतून बोट लावलेल्यांना अनुभव असेल. ओला घडी करून ठेवला तर चार दिवसांत बुरशी. उंदरांना आवडतो. आणि भिजल्यावर साडेबारा किलोचा किती होतो ते विचारू नका. एवढं सगळं असून कापसासाठी तोच, असं काकांचं मत, आणि दोन दिवस वाद घातल्यावर माझंही.

जाता जाता शब्दाबद्दल. इंग्रजीतल्या टारपॉलिनमध्ये टार आहे, म्हणजे डांबर. डांबर फासलेलं कापड जहाजावर वापरायचे आणि ते पांघरणाऱ्या खलाशांनाही टार म्हणू लागले. आपल्याकडे तो शब्द बंदरावरून आला असावा आणि आपल्या लोकांनी त्यात ताड आणि पत्र शोधून त्याला मराठी करून टाकलं असावं, हा माझा अंदाज. भाषातज्ज्ञांनी कान उपटावेत.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो ती. ताडपत्रीला तिसरा पर्याय होता, आणि धाकट्याच्या मनात पहिल्यापासून तोच होता. हूड. डाल्यावर लोखंडी पाइपच्या कमानी, त्यावर शिवलेला पक्का कॅनव्हास, मागे पडदा. चंद्रपूरच्या एका बॉडीवाल्याने कोटेशनही दिलं होतं, ते गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलेलं. हूड दिसायला झकास. पाऊस असो, धूळ असो (आमच्याकडची धूळ म्हणजे अर्धं सिमेंट), वर चढायची भानगड नाही.

मी म्हटलं, अरे पण कापूस? सहा फुटी ढीग हूडखाली कसा भरणार? कमानींच्या मधून तुडवणार कसा?

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कापूस दोन-तीन मयने. मंग मजुराच्या खेपा भेटतेत ना दादा."

ज्यांनी आमच्याकडचा जानेवारी-फेब्रुवारी पाहिला नाही त्यांना हे वाक्य कळणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतून हजारो बाया-माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. कापूस वेचायला, धान रोवायला रोज गावोगाव जातात. एसटी त्या वेळेला, त्या शेतापर्यंत जात नाही. मग पिकअप. डाल्यात वीस-पंचवीस जणी, डबे, लहान लेकरं. उघड्या डाल्यात पोलीस लांबून बघतात आणि ऊनही लागतं. हूड असला की दोन्ही प्रश्न मिटतात. म्हणजे ज्याला आम्ही दोन दिवस मालाचं झाकण म्हणत होतो, ते माणसांचं छप्पर झालं असतं. आणि एकदा छप्पर झालं की माणसं बसणारच.

मी त्याला कायदा सांगितला. मालवाहू गाडीत प्रवासी बसवणं बेकायदा आहे हे त्यालाही माहीत होतं. पण विम्याचं माहीत नव्हतं. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी स्पष्ट केलं की मालगाडीत असंच बसवून नेलेल्या माणसांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही. मालासोबत बसलेला मालाचा मालक, किंवा त्याचा अधिकृत माणूस, एवढ्यांनाच ते संरक्षण आहे. बाकी कोणाला काही झालं तर भरपाई गाडीमालकाने द्यायची. गाडीमालक म्हणजे हा, सत्तावीस वर्षांचा, ज्याच्या नावावर एक पिकअप आहे आणि तिच्यावर कर्ज. शिवाय माल सांभाळणारी दोरी माणसांना सांभाळत नाही. डाल्यात धरायला काही नसतं. वळणावर दहा क्विंटल कापूस कलंडला तर तो कापूसच राहतो.

त्याचं उत्तर तयार होतं, आणि मला ते खोडता आलं नाही. "मी नाही नेलं तं त्या बाया घरी रायतेत का? दुसऱ्याच्या गाडीत जातेत. तो दारू पिऊन चालवते." पुढे असंही म्हणाला की आपल्याच घरची मोठी आई किती वर्षं अशीच वेचणीला गेली, तेव्हा तुले विमा आठवला नाही. हे त्याने रागाने नाही, सहज म्हटलं. काकू तिथेच बसून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "गेली ना मी. ट्रॅक्टरवर जात होतो आमी. एकदा पडलो बी." आणि पुन्हा वाती.

इथून पुढे तर्काने काही होणार नव्हतं. पुण्यात बसून ऑफिसच्या कॅबचा सीटबेल्ट लावणाऱ्या माणसाने या घरात किती बोलायचं? पण गप्प बसायलाही जमेना, म्हणून मी गणिताकडे गेलो, ते एक आपल्याला येतं. हूड लावला तर कापसाची उंच खेप जाते, दहा क्विंटलच्या ऐवजी पाच-सहा बसेल, म्हणजे तेवढ्याच डिझेलमध्ये अर्धं भाडं. कापसाच्या महिन्यांत हप्ता त्याच भाड्यावर फिटायचा होता. कागद त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ बघत होता. "आता कापूस काढून घेऊ," म्हणाला, "हूडचं पाहू मंग." पाहू. आमच्याकडे या शब्दाचे होकारापासून नकारापर्यंत सगळे अर्थ होतात.

मग खरेदी झटपट झाली. कापसासाठी १५ बाय १८ चा कॅनव्हास. सिमेंटसाठी आणि पावसाळ्यासाठी लहान सिल्पोलिनच्या दोन: एक वर, एक खाली. खालची लोक विसरतात. डाल्यात पाणी फाळक्याच्या फटीतून निघतं, पण निघेपर्यंत साचतं, आणि सिमेंटचा खालचा थर आधी जातो. माल बुटका असला की ताडपत्री मधे झोळ धरते आणि त्यात बादलीभर पाणी डुलत राहतं, म्हणून मधोमध एक आडवा बांबू ठेवून त्यावरून टाकायची, घराच्या आढ्यासारखी. बांबूला आमच्याकडे तोटा नाही, बल्लारपूरचा कागद कारखाना त्यावरच उभा राहिला.

कॅनव्हास घेताना एकच गोष्ट बारकाईने बघा, ती म्हणजे कडा. कडेच्या दुमडीत दोरी शिवलेली आहे का, आयलेट पितळेचे आहेत का आणि किती अंतरावर आहेत. ताडपत्री पावसाने फाटत नाही, फडफडीने फाटते. पहिला जातो तो कोपऱ्यातला आयलेट. पुढची कड केबिन आणि मालाच्या फटीत खोल खोचायची, म्हणजे वारा खाली शिरत नाही. दोरी डाल्याच्या खालच्या हुकांतून फुलीसारखी तिरपी न्यायची, आणि शेवटच्या बांधणीला टायरच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. रबर ताणतं आणि परत येतं, खड्ड्यात माल दबला तरी दोरी सैल पडत नाही. या पट्ट्या पंक्चरवाल्याने फुकट दिल्या. आख्ख्या खरेदीतला सर्वोत्तम भाग तो. टेक्सासच्या मित्राला फोटो पाठवला, त्याने विचारलं कुठल्या कंपनीचा आहे.

दिवाळी संपवून मी पुण्याला आलो आणि २८ ऑक्टोबरला मोंथा चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. विदर्भातही पाऊस आला. कापूस फुटलेला, काही ठिकाणी वेचणी चालू. मी दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच आला. एक खेप रस्त्यात सापडली होती, शेतकऱ्याने घरी साठवलेला पहिल्या वेचणीचा कापूस, व्यापाऱ्याकडे चालला होता. वरून टिकला. मागच्या फाळक्याजवळ जिथे कॅनव्हास मालाला टेकला होता तिथे हातभर जागा ओली झाली, तेवढा कापूस काढून वेगळा वाळवला. व्यापाऱ्याने त्यावरून थोडी खळखळ केलीच. शेतकरी काही बोलला नाही, पुढची खेपही त्यालाच दिली.

"कॅनव्हास कुठंय?" मी विचारलं.

"छपरीवर वाळू घातला. दोन दिस झाले, अजून ओलाच हाये. उचलाले दोघं लागले."

हूडचं कोटेशन अजून डॅशबोर्डातच आहे. मिरचीचा हंगाम जानेवारीत. या विकांताला तिकिटं बघतोय.